घरच्या सरपणासाठी लाकूड फोडायचं साधन कसं निवडावं

गॅस घरोघरी पोचला तरी आंघोळीचं पाणी अजून सरपणावर तापवणारी घरं कोकणात आणि घाटमाथ्यावर भरपूर आहेत. कुणाकडे परसात चुलाण आहे, कुणाकडे आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब. लाकूडही मिळतं. कलमांची छाटणी होते, कुंपणाचं गिरिपुष्प वाढतं, वाऱ्याने फांदी मोडते. अडचण असते ती फोडायची. पूर्वी दिवसभर कुऱ्हाड चालवणारा गडी सहज मिळायचा, आता त्याची वाट बघण्यातच एप्रिल संपतो आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची घाई, तोंडावर येते.

म्हणून माणसं इंटरनेटवर ‘मॅन्युअल लॉग स्प्लिटर’ शोधतात. तिथे या एका नावाखाली पाचरीच्या आकाराची जड कुऱ्हाड, सरकत्या घणाची दांडी, कड्यात बसवलेलं पातं आणि हाताने पंप मारायचं दहा टनी हायड्रॉलिक यंत्र असं सगळं एकत्र दिसतं. यांची कामं वेगळी आणि किमतीही वेगळ्या. बहुतेकांना यातलं सगळ्यात महागडं साधन लागतच नाही, असं माझं ठाम मत आहे. का, ते हिशेबानेच बघू.

आधी लाकूड मोजा, मग दुकान बघा

चार माणसांच्या घरात सकाळी ८० लिटर पाणी लागतं असं धरू. ते २० अंशांनी तापवायला सुमारे ६.७ मेगाज्यूल उष्णता लागते. चुलाणात किंवा बंबात जळणाऱ्या लाकडाची बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते. पाव हिस्सा पाण्यात उतरला असं मानलं, तर साधारण २७ मेगाज्यूलचं लाकूड जाळावं लागेल. नीट वाळलेलं लाकूड किलोमागे १५ मेगाज्यूलच्या आसपास देतं. म्हणजे रोजचं पावणेदोन ते दोन किलो सरपण, वर्षाचं सातशे किलोच्या घरात.

आता आठ इंच जाडीचा, एक फूट लांबीचा आंब्याचा ओंडका घ्या. वाळल्यावर तो साडेसहा किलोच्या आसपास भरतो. सातशे किलो म्हणजे असे शंभर-सव्वाशे ओंडके, आठवड्याला दोन-अडीच! एवढ्यासाठी कुणी दहा टनी यंत्र दारात आणून ठेवावं का? रोजचा स्वयंपाकही चुलीवरच होत असेल, तर हा आकडा तीन-चार पटींनी वाढेल आणि निर्णयही बदलेल. म्हणून हा हिशेब स्वतःच्या घरापुरता करा. पाणी किती लागतं, दिवाळीनंतर किती महिने लागतं, पाहुणे किती येतात, हे तुमचं तुम्हालाच माहीत.

मोजायची दुसरी गोष्ट म्हणजे तुकड्याचं माप. चुलाणात मनगटाएवढी, हातभर लांब लाकडंही चालतात. बंबाच्या मधल्या नळीत मात्र सात-आठ इंचांच्या बारीक ढलप्याच जातात. म्हणून बंबवाल्या घरात मोठा ओंडका दुभंगण्यापेक्षा बारीक चिरफळ्या करण्यात जास्त वेळ जातो, आणि बोटंही तिथेच कापली जातात. दोन्ही घरांना एकच साधन सुचवणारा विक्रेता ग्राहकाचं घर न बघता माल विकतोय.

तिसरी गोष्ट झाडाची जात. सागाचा, सुबाभळीचा सरळ ओंडका चांगल्या घावाला फाटतो. आंब्याचं खोड बरं, पण फांद्या फुटलेली जागा हट्टी. बाभूळ आणि जांभूळ कठीण, रेषा एकमेकांत गुंतलेल्या. निलगिरी ओली असतानाच फोडली तर फुटते, वाळली की लोखंडाशी बरोबरी करते. चिंचेच्या गाभ्याच्या नादाला लागू नका, खाटीक त्याचा ठोकळा वापरतात ते उगीच नव्हे. नारळ-पोफळीच्या खोडाला तर खऱ्या लाकडासारखी वर्तुळंच नसतात, नुसते तंतू. त्यावर कुऱ्हाड मारण्यापेक्षा करवतीने उभे चिरे काढून घ्यावेत.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा किनारपट्टीवर आंबे-फणस आडवे झाले. लोकांनी चेनसॉने त्यांच्या चकत्या पाडल्या आणि फोडायचं नंतर बघू म्हणून परसात रचून ठेवल्या. साल न काढलेली, न फोडलेली जाड चकती आतून वर्षभरातही धड वाळत नाही. वरून कडक होते, आतून कुजते, आणि पुढे कुठलंही साधन आणलं तरी घाम काढते. म्हणजे लाकूड कधी फोडता यावर साधन किती दणकट लागेल हे ठरतं. पौष-माघात कापून लगेच फोडलेल्या ओल्या आंब्याला साधी पाचर पुरते.

एक कायद्याची आठवण, कारण हे हमखास विसरलं जातं. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात. उभं झाड पाडण्याआधी परवानगी घ्या. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो.

फोडणं म्हणजे कापणं नव्हे

झाड तोडताना कुऱ्हाड तंतूंच्या आडवी जाते, ते छाटते. तिथे पातळ आणि धारदार पातं हवं. ओंडका फोडताना तंतू छाटायचे नसतात, ते एकमेकांपासून सोडवायचे असतात. लाकूड या दिशेने फार दुबळं असतं. म्हणून फोडायच्या हत्याराला धारेपेक्षा गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू, महत्त्वाचे. धार फक्त आत शिरण्यापुरती, पुढचं काम फुगीर गालांचं, ते दोन्ही बाजू रेटून दूर करतात. घरातली नेहमीची पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते आणि आपण ओंडक्यासकट ती आपटत बसतो, त्याचं कारण हेच. कुऱ्हाड वाईट नसते, काम चुकीचं सोपवलेलं असतं.

पहिली निवड: फोडायची कुऱ्हाड

इंग्रजीत हिला स्प्लिटिंग मॉल म्हणतात आणि ऑनलाइनही ती त्याच नावाने मिळते. एका बाजूला पाचरीसारखं जाड पातं, मागे घणासारखी सपाट बाजू. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा दिसत नाही, पण चांगला लोहार बनवून देतो. त्याला ‘फोडायची, जाड गालांची’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने तोडायची कुऱ्हाड देईल.

वजनाचा मोह टाळा. बाजारात सहा पौंडी (सुमारे २.७ किलो) आणि आठ पौंडी (सुमारे ३.६ किलो) अशी डोकी मिळतात. आठ पौंडी घेतली की काम लवकर होईल असं वाटतं. पण घावातली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. जड डोकं धडपणे फिरवता आलं नाही की वेग पडतो आणि वजनाचा फायदा तिथेच संपतो. वर ते भलतीकडे पडायची भीती. सडपातळ किंवा पन्नाशीपुढच्या माणसाने सहा पौंडीच घ्यावी. विकत घेण्याआधी ती डोक्यावर नेऊन सावकाश खाली आणून बघा. दहा-बारा वेळा हे करताना खांदे भरून आले, तर ती तुमची नाही.

दांडा जमिनीवर उभा धरला की कमरेच्या आसपास यावा, साधारण ३० ते ३६ इंच. आखूड दांडा जास्त धोक्याचा, कारण घाव हुकला तर पातं ठोकळ्याऐवजी नडगीकडे येतं. लाकडी दांड्यासाठी धामण उत्तम, ती चिवट असते आणि हादरा पिते. दांड्याच्या टोकाकडून रेषा बघा. त्या पात्याच्या धारेला समांतर, टोकापासून टोकापर्यंत सलग हव्यात. मधेच बाजूला निघून जाणाऱ्या रेषा म्हणजे दांडा तिथेच मोडणार. फायबरचा दांडा मोडत नाही सहसा, पण ढिला झाला तर घरी दुरुस्त होत नाही. लोखंडी पाइपचा दांडा हाताला झिणझिण्या आणतो. फुकट मिळाला तरी नको.

नेढ्यात, म्हणजे डोक्याच्या भोकात, दांडा कसा बसलाय तेही बघा. वरून ठोकलेली पाचर दिसली पाहिजे आणि डोकं धरून हलवल्यावर जराही खुळखुळता कामा नये.

जोडीला: दोन पाचरी आणि घण

गाठीचा किंवा फूटभराहून जाड ओंडका कुऱ्हाडीने अडला की पाचर काढायची. दोन-अडीच किलोची पोलादी पाचर आणि आठ-दहा पौंडी घण. पाचरी दोन हव्यातच. एकच असली आणि ती लाकडात रुतली की तुम्हीही अडकलात. दुसरी भेगेत पुढे ठोकली की पहिली आपोआप ढिली होते. तिसरी बाभळीची लाकडी करून ठेवा, पडलेली भेग उघडी धरायला ती पुरते.

लोहाराला सांगताना एक गोष्ट नक्की सांगा: पाचरीच्या धारेला पाणी द्या, म्हणजे ती कडक करा, माथ्याला देऊ नका. माथा मऊ राहिला पाहिजे. कडक माथ्यावर घण बसला की त्याचे कपचे गोळीच्या वेगाने उडतात, आणि ते डोळ्यात गेल्यावर इलाज करायला काही उरत नाही. मऊ माथा हळूहळू पसरून छत्रीसारखा होतो. त्या कडा वेळोवेळी घासून काढाव्या लागतात. याच कारणाने एका कुऱ्हाडीच्या माथ्यावर दुसरी कुऱ्हाड कधीही मारू नये. गावोगाव हे सर्रास चालतं, तरीही.

आठवड्याला दोन-पाच ओंडके फोडणाऱ्या घराला हा संच पुरून उरतो. ज्याला खरेदी इथेच थांबवायची आहे त्याने खुशाल थांबावं.

घाव घालायची ताकद नसेल तर

सरकत्या घणाचं साधन इथे उपयोगी पडतं. पाचरीवर उभी दांडी असते आणि तिच्यावर वरखाली सरकणारं जड नळकांडं. पाचरीचं टोक ओंडक्यावर टेकवायचं, नळकांडं वर उचलायचं आणि जोराने खाली आपटायचं. पातं जागचं हलत नाही, म्हणून नेम चुकायचा प्रश्न नाही आणि डोक्यावरून काही फिरवावंही लागत नाही. उभ्याने, पडवीतही काम होतं. मात्र काम सावकाश होतं, आणि जाड गाठीला ते दाद देत नाही. घेताना नळकांड्याला हात धरायच्या जागेखाली बोटं चिमटणार नाहीत अशी कड आहे ना, ते बघा. सुबाभूळ, गिरिपुष्प, काजूच्या फांद्या अशा मध्यम लाकडाला हे चांगलं. गावातला फॅब्रिकेटर ते करूनही देऊ शकतो, कारण त्यात क्लिष्ट असं काही नाही.

बंबवाल्यांसाठी: कड्यातलं पातं

या साधनाचा उगम ऐकण्यासारखा आहे. न्यूझीलंडमधल्या एला हचिन्सन या शाळकरी मुलीने आईला ढलप्या काढताना बोट कापून घेतलेलं पाहिलं आणि २०१३ मध्ये शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी उलटा विचार केला: पातं खाली, घट्ट बसवलेलं आणि धार वर. लाकूड त्यावर उभं करायचं आणि वरून हातोड्याने ठोकायचं. भोवती लोखंडी कडं, त्यामुळे लाकूड आधाराने उभं राहतं आणि हात धारेजवळ जात नाही. पुढे ते ‘किंडलिंग क्रॅकर’ या नावाने जगभर विकलं गेलं, त्याच्या नकलाही निघाल्या.

बारीक ढलप्यांसाठी याहून सुरक्षित काही मला माहीत नाही. ज्या घरात आजी किंवा शाळकरी पोरगं बंब पेटवतं, तिथे तर हेच घ्यावं. पण हे मोठ्या ओंडक्यांचं साधन नाही. आधी कुऱ्हाडीने चार फाका करा, मग त्या इथे आणा. घेताना ते बिडाचं सलग ओतलेलं आहे की पातळ पट्ट्यांना वेल्डिंग केलेलं आहे ते बघा. ठोकायला तीन-चार पौंडी हातोडा घ्या, मोठा घण नको. आणि जाड ठोकळ्यावर स्क्रूने पक्कं करा, सुटं ठेवलं तर प्रत्येक ठोक्याला नाचतं.

हातपंपाचं हायड्रॉलिक यंत्र

आडव्या चौकटीत एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. हँडल मारलं की तेल दट्ट्याला रेटतं आणि ओंडका पाचरीवर दाबला जातो. ट्रकचा जॅक ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व. दहा टनांचा दाब गाठीलाही नमवतो. धक्का नाही, नेम नाही, आवाज नाही. खांदेदुखी किंवा पाठीचा त्रास असलेल्या माणसालाही चालवता येतं.

मग हरकत काय? वेळ. प्रत्येक झटक्याला दट्ट्या काही मिलिमीटरच पुढे जातो आणि एका ओंडक्याला भरपूर झटके लागतात. ओंडकाही चौकटीत मावेल असा आधी कापून घ्यावा लागतो, बहुतेक यंत्रांत लांबी दीड फुटाच्या आत. यंत्राचं स्वतःचं वजनच तीस-चाळीस किलो, ते ज्याची पाठ दुखते त्याने एकट्याने कुठे ठेवायचं? आणि किंमत कुऱ्हाड-पाचरीच्या संचाच्या कैकपट. चुलीवर रोजचा स्वयंपाक आहे, होमस्टे आहे, लाकूड गाठाळ आहे आणि कुऱ्हाड चालवणारं कुणी नाही, अशा घरी ते सत्कारणी लागतं.

घ्यायचंच ठरलं तर आधी विचारा: सील आणि वॉशर सुटे मिळतात का? मिळत नसतील तर पहिल्या गळतीला यंत्र भंगारात. दोन गतींचा पंप असेल तर उत्तम, कारण दट्ट्या लाकडाला टेकेपर्यंत भराभर सरकतो. दट्ट्या परत नेणारी स्प्रिंग ओढून बघा. तेल हायड्रॉलिकचंच भरा. ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून खराब होतात.

स्थानिक वर्कशॉपमध्ये बाटली जॅक लावून असं यंत्र स्वस्तात करून घ्यायचा मोह अनेकांना होतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साधा बाटली जॅक उभा वापरण्यासाठी बनवलेला असतो. तो आडवा केला की तेल पंपापर्यंत नीट पोचत नाही आणि दाब बसत नाही, म्हणून चौकट उभीच करून घ्या. आणि दहा टनांचा ताण साध्या अँगलच्या चौकटीला वाकवतो, वेल्डिंग तडकलं तर तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. जाड सी-चॅनेलपेक्षा कमी काही नको.

मोटरला किंवा ट्रॅक्टरला जोडायचा फिरता शंकू याच जाहिरातींत दिसतो. ते हाताचं साधन नाही. त्यात धोतराचा सोगा, ओढणी, हातमोजा काहीही गुंडाळलं जाऊ शकतं. घरच्या सरपणासाठी त्याचा विचारही करू नका.

प्रत्यक्ष फोडताना

ठोकळा गुडघ्यापेक्षा खाली, रुंद आणि हलणार नाही असा. चिंचेचा मिळाला तर आयुष्यभर टिकतो. त्यावर गाडीचा जुना टायर पक्का करून आत ओंडका उभा करा. फुटलेल्या फाका टायरमध्येच राहतात, दर वेळी वाकून गोळा कराव्या लागत नाहीत. पाठीला याचा फार उपयोग होतो.

पायात चप्पल नको, बंद बूट किंवा गमबूट हवा. डोळ्यांवर चष्मा. आसपास पोरं, कोंबड्या, कुत्रा नको.

ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करा, म्हणजे घाव हुकला तरी पातं ठोकळ्यात जाईल. मग त्याचा कापलेला माथा वाचा. वाळताना मधून बाहेर भेगा गेलेल्या असतात. त्यांच्याच रेघेत घाव घाला. गाठ दिसली तर तिच्यापासून दूर. जाड ओंडका मध्यावर फोडायचा हट्ट धरू नका, कडेने एकेक फाक काढत आत या. पाय खांद्याएवढे फाकलेले, आणि घाव खाली येताना गुडघे किंचित वाकवायचे. त्यामुळे पातं सरळ खाली उतरतं, आपल्याकडे कमानीत येत नाही. तीन-चार घावांत ओंडका बधला नाही तर तो बाजूला ठेवा आणि पाचर काढा. ओल्या फणसाचा चीक पात्याला धरतो, आधी खोबरेलाचा हात फिरवला की पुसायला सोपं जातं.

फोडल्यावर

ओलं लाकूड जाळलं तर बरीच आच आतलं पाणी उडवण्यात वाया जाते आणि घरभर धूर होतो. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं. फोडलेल्या फाका जमिनीपासून वीतभर उंच, दोन बांबूंवर वारा खेळेल अशा रचा. फाल्गुन-चैत्राचं ऊन पुरेपूर खाऊ द्या आणि मृगाआधी छपराखाली घ्या. ताडपत्री फक्त वरून टाका, चहूबाजूंनी गुंडाळली तर आतल्या आत घाम सुटून बुरशी येते.

वाळलं की नाही ते कळायला मीटरच हवा असं नाही. ढिगातल्या दोन-चार फाकांवर खूण करून त्या दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. दोन फाका एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज म्हणजे अजून ओलं.

बिब्बा, कण्हेर, शेर यांचं लाकूड सरपणात येऊ देऊ नका. त्यांचा चीक आणि धूर दोन्ही त्रासदायक. रचलेल्या लाकडांत फुरसं किंवा विंचू बसलेला असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने वरची थर हलवा आणि रात्री बॅटरीशिवाय सरपण आणायला जाऊ नका. वाळवी दिसली तर तेवढा ढीग घराच्या भिंतीपासून लांब हलवा.

पावसाळ्याआधी सगळ्या लोखंडाला ग्रीस किंवा जुन्या इंजिन ऑइलचा हात द्या, लाकडी दांड्याला जवसाचं तेल. दांडा ढिला झाला की लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवतात. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट बसतं, पण दोन दिवसांनी वाळलं की पूर्वीपेक्षा ढिलं होतं. त्यापेक्षा नेढ्यात नवी पाचर ठोका. हायड्रॉलिक यंत्र असेल तर दट्ट्या पूर्ण आत घेऊन ठेवा. बाहेर राहिलेल्या दांडीला गंज चढला, तर पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी तोच सील फाडतो.